पुस्तकातली टेकडी

विन्स्लो पाइकच्या कादंबरीत नेवा हॉलक्विस्टचं नाव मार्गो आहे, आणि मार्गोच्या हिरव्या कोटाचं वरून दुसरं बटण तुटलेलं आहे. ते खरंच तुटलेलं होतं. मार्गो ज्या कपातून चहा पिते त्याचा कान चिकटवलेला आहे. तो कपही खरा, अजून नेवाच्या फडताळात आहे. मार्गो झोपेत दात खाते. हे लिहायची काही गरज नव्हती, पण पाइक आणि त्याच्या कंपूतली लेखक मंडळीच तशी. आम्ही काही रचत नाही, जगलो ते जसंच्या तसं टाइप करतो, ही त्यांची मोठी ऐट. नावं तेवढी बदलायची, आणि तीही आपणहून नाही. प्रकाशकाचा वकील अब्रूनुकसानीच्या दाव्यांना घाबरायचा म्हणून. वकिलानं सांगितलं की अमक्याचा तमका व्हायचा, या गल्लीला त्या गल्लीचं नाव मिळायचं. आत माणसं तीच, दारू तीच, तुटलेलं बटणही तेच.

त्यामुळे चाळीस वर्षं उलटून गेली तरी सॅन फ्रान्सिस्कोतल्या नॉर्थ बीचच्या चढांवर लोक ते पुस्तक हातात धरून माना वर करून हिंडतात. मार्गोची खिडकी कुठली, ती मारामारी झाली तो बार कुठला. अशा लोकांचा मुकादम म्हणजे लायल फेरेटी. बत्तीस वर्षं त्यानं याच चढांवर टपाल वाटलं, आणि निवृत्त झाल्यावर टाचा दुखतात म्हणून घरी बसायचं सोडून पुन्हा तेच चढ चढू लागला, आता फुकट. पाइकच्या पुस्तकातली एक्केचाळीस ठिकाणं त्यानं हुडकून काढली होती, आणि बाहेरगावच्या वाचकांना तो ती हिंडून दाखवी. पद्धत पोस्टमनची. पुस्तकात कुणी दाराच्या फटीतून पत्र आत सरकवलं, तर तशा फटी असलेली दारं त्याला तोंडपाठ. मार्गो जिन्यावर बसून सकाळचं ऊन खाते, म्हणजे जिना पूर्वेचा. पायऱ्या मोजायच्या, घंटा कुठल्या हाताला ते बघायचं, जुन्या नकाशावर पेन्सिलीनं टिंब द्यायचं. एवढं करून एखादी गोष्ट जुळली नाहीच, तर लायलचं उत्तर तयार असे: ते वकिलानं बदललं. यापुढे कुणाचं काही चालत नसे. जुळलं तर खरं, आणि नाही जुळलं तर मुद्दाम लपवलेलं, म्हणजे आणखीच खरं.

नेवाला त्या एक्केचाळीस ठिकाणांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला बेचाळिसावं हवं होतं.

छप्पन्न सालच्या नऊ मार्चला तिला पाइकपासून मुलगा झाला, वेळेच्या बराच आधी, आणि एक दिवस जगून गेला. नेवा तापानं फणफणली होती. नर्सनं तिला काही दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी पाइक आला, पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "सगळं झालं." तिनं पुढे विचारलं नाही. तेव्हा विचारायचं बळ नव्हतं, आणि बळ आलं तोवर पाइक मेक्सिकोला निघून गेला होता. तीन वर्षांनी पुस्तक आलं. आपल्या मुलाला कुठं पुरलं हे नेवानं चौदाव्या प्रकरणात वाचलं, बाकीच्या वाचकांबरोबरच.

चौदावं प्रकरण अकरा पानांचं आहे. दोघं मित्र उसन्या गाडीत मागच्या सीटवर एक छोटी पेटी ठेवून पहाटे किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला निघतात. पेटीला थंडी वाजू नये म्हणून कथा सांगणारा आपला लाल मफलर तिच्याभोवती गुंडाळतो. रस्त्याला सात वळणं लागतात, मग सांता मोरा नावाचं गाव येतं. निळ्या दाराचं देऊळ, पाण्याची लाकडी टाकी, वाऱ्यानं वाकलेला सायप्रस, आणि समुद्राकडे तोंड करून असलेली टेकडी. तिथं ते खड्डा खणतात. बाळाचं नाव जोनास असं तिथंच, मातीत उभं राहून ठरतं. हे वाचून रडली नाही अशी व्यक्ती सापडणार नाही म्हणतात. नेवा रडली नव्हती; तिनं कॅलिफोर्नियाचा नकाशा आणला होता.

सांता मोरा नकाशावर नव्हतं. अर्थातच, वकील. तिनं पाइकला दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. गाडी चालवणारा मित्र अपघातात गेला, एकाहत्तर साली पाइकही गेला. मग एकोणऐंशी साली टपाल द्यायला आलेल्या लायलनं तिच्या टेबलावर ते पुस्तक पाहिलं, आणि दोघांनी मिळून पोर्टर्स कोव्ह शोधून काढलं. शहरापासून चार तासांवर. देऊळ होतं, टाकी होती, वाकलेलं झाड होतं. दार पांढरं होतं, पण रंग काय कधीही देता येतो. वळणं नऊ होती. सूर्य पुस्तकात देवळामागे मावळतो, इथं देवळासमोर. "वकिलानं फिरवला," लायल म्हणाला होता. नेवानं तिथल्या टेकडीवरच्या दफनभूमीच्या कोपऱ्यात एक लहानसा दगड बसवून घेतला, त्यावर जोनास असं कोरून. तिनं आधी मनात दुसरं काहीतरी ठरवलं होतं, पण छापलेल्या नावाचं वजन पडतं. तेव्हापासून दर नऊ मार्चला लायलच्या गाडीतून दोघं जात, नेवा फुलं ठेवी, तासभर बसे, आणि परत येताना वाटेत मासळीचं सूप घेत. वर्षातला तो एक दिवस तिच्या अंगात जीव असल्यासारखा जाई. बाकीचे दिवस ती नीट पार पाडी, एवढंच.

नव्व्याण्णव सालच्या सहा मार्चला, शनिवारी सकाळी, लायल तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला तेव्हा त्याच्या हातात नेहमीचा, कांदा घातलेला फोकाचा पाव होता आणि काखेत एक तपकिरी लिफाफा. पाव त्यानं टेबलावर ठेवला आणि कागद सोडलाच नाही. एरवी तो दारातूनच एक तुकडा तोंडात घालून यायचा.

"दात दुखतोय का रे?" नेवानं विचारलं.

"दात कुठं राहिलेत दुखायला."

"मग तोंड असं का केलंयस? गिऱ्हाइकं आली नाहीत का आज?"

"आलीत. ओहायोची सहाजण. दहा वाजता चौकात उभी राहणारेत." त्यानं लिफाफा टेबलावर ठेवला आणि वर हात ठेवला. "नेवा, पाइकची कागदपत्रं उघडली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात. अठ्ठावीस वर्षं कुलपात होती."

"मग तू गेलाच असशील पहिल्या दिवशी. रांगेत पहिला."

"गेलो होतो. दोन आठवडे झाले."

दोन आठवडे लायलनं एखादी गोष्ट पोटात ठेवली, हेच मुळात नवल. नेवा कॉफी ओतायची थांबली. "बोल, पोस्टमन," ती म्हणाली. ती त्याला वीस वर्षं पोस्टमनच म्हणत आली होती. "पत्र आलंय तर टाकून मोकळा हो."

लिफाफ्यात वकिलाच्या यादीची झेरॉक्स होती. अशी यादी असणार हे लायल जन्मभर सांगत आला होता, आणि ती खरोखर होती: टाइप केलेली, तीन रकाने. पुस्तकातलं नाव, खरं नाव, आणि शेवटच्या रकान्यात वकिलाचा शेरा. बार, गल्ल्या, मित्र, मित्रांच्या बायका, सगळं ओळीनं. लायलची एक्केचाळीसपैकी सदतीस ठिकाणं बरोबर निघाली होती, आणि एरवी या बातमीवर त्यानं शेजारपाजार जमा केला असता. नेवानं आपलं नाव शोधलं. मार्गो, नेवा हॉलक्विस्ट, अविवाहित, दावा करण्याची शक्यता नाही.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली.

"पुढचं पान."

पुढच्या पानाच्या तळाशी सांता मोरा होतं. खरं नाव या रकान्यात लिहिलं होतं, अस्तित्वात नाही. शेरा जरा लांब होता: लेखकाच्या सांगण्यानुसार सदर प्रवास झालेला नाही. मूल रुग्णालयाच्या ताब्यात दिले. प्रकरण संपूर्ण काल्पनिक, सबब धोका नाही. त्याखालच्या ओळीत जोनास. खरं नाव, नोंद नाही.

नेवानं ते दोनदा वाचलं. काहीतरी व्हायला हवं होतं. ती वाट बघत राहिली. काही झालं नाही. किटलीच्या झाकणाला तडा गेलाय हे तिच्या लक्षात आलं, आणि मंगळवारच्या नऊ मार्चसाठी सांगून ठेवलेली फुलं आठवली. फुलवालीला कळवावं लागेल.

"मफलर," ती म्हणाली.

"काय?"

"मेक्सिकोला निघाला तेव्हा त्याच्या गळ्यात लाल मफलर होता. मी दारात उभी होते. मीच गाठ सैल केली, गळा आवळेल म्हणून."

लायलनं कागदावरून मान वर केली. "मग पुस्तकात तो पेटीबरोबर पुरला ते... म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. दिसलं होतं."

"अगं, मग मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू म्हणाला असतास वकिलानं बदललं."

हे तिनं टोमणा म्हणूनही म्हटलं नव्हतं. पण लायलला लागलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते तिथंच टेबलावरच्या फडक्यानं पुसले, ज्यानं ती शेगडी पुसायची. "वीस वर्षं," तो म्हणाला. "वीस वर्षं मी तुला रिकाम्या जागेवर नेऊन बसवलं. वळणं नऊ होती, नेवा. मी स्वतः मोजली होती. नऊची सात मी केली."

"मीही शेजारी बसले होते की. मलाही मोजता येतं."

"त्यानं सगळं खरं लिहिलं. बटणसुद्धा खरं. मग हे एवढंच कसं खोटं असेल, असं वाटलं."

"त्याला इथं खरं लिहायला काही नव्हतं," नेवा म्हणाली. "तो तेव्हा बारमध्ये बसला असेल. तुझ्या यादीतला तिसरा."

दहाला पाच मिनिटं होती. ओहायोचे लोक चौकात उभे असणार. लायल म्हणाला, "मी त्यांना परत पाठवतो, आज जमणार नाही म्हणून." नेवा म्हणाली, "नको, ते लांबून आलेत, जा." तो गेला, आणि वीस मिनिटांनी तिच्याच खिडकीखाली त्याचा घोगरा आवाज आला. मार्गोची खिडकी हे त्याचं अकरावं ठिकाण. तिथं कोण राहतं हे त्यानं आजवर एकाही माणसाला सांगितलं नव्हतं, आणि हा त्याचा खरा चांगुलपणा.

"वर आता कुणी राहतं का?" खालून एका बाईनं विचारलं.

"एक म्हातारी आहे," लायल म्हणाला. "चावते. लांबूनच बघा."

लोक हसले. मग एक पुरुष म्हणाला की चौदावं प्रकरण त्यानं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि पुढं वाचवेना म्हणून थांबावं लागलं होतं. सांता मोरा म्हणजे खरं कुठलं गाव, हे शोधून काढलंय का कुणी? नेवा पडद्यामागे उभी होती. "ते नाही सापडलं," लायल म्हणाला. "चला, पुढं चढ आहे, सांभाळून."

सोमवारी नेवानं फोन केले. आधी रुग्णालयाला, तिथली इमारत पाडून नवी झाली होती, पण फोनवरची बाई सज्जन होती आणि तिनं दुसरा नंबर दिला. दुसऱ्या नंबरवर जुन्या नोंदी बघायला अर्धा तास लागला. बेवारस आणि आईबापांनी न नेलेली बाळं त्या साली कुठं जात, असं नेवानं विचारलं होतं. तिथली बाई दबल्या आवाजात म्हणाली, "कुठं म्हणजे, कोल्माला. सगळी तिकडेच ना."

सगळी तिकडेच. सॅन फ्रान्सिस्कोत वारलेलं माणूस कोल्माला, शेजारच्या दफनभूमींच्या गावाला, जातं, हे या शहरात कुणी कुणाला सांगत नाही, इतकं ते ठाऊक असतं. शहराच्या हद्दीत पुरायला बंदी होऊन शंभर वर्षं होत आली. नेवाचा बाप तिथं आहे, आत्या तिथं आहे, खालच्या मजल्यावरच्या मिसेस काव्हान्याला मागच्या वर्षी तिनंच तिथं पोचवलं. शहराच्या दक्षिणेकडे असलेल्या रंगाच्या कारखान्यात नेवानं बावीस वर्षं कारकुनी केली, आणि बावीस वर्षं सकाळ-संध्याकाळ तिची बस एल कमिनो रस्त्यानं कोल्मातून गेली. दोन्ही बाजूंना मैलभर हिरवळ आणि दगड, फुलांची दुकानं, दगड कोरणारे. ती डोळे मिटून घ्यायची. आपलं माणूस इथं नाही, आपलं समुद्राकाठी आहे, या विचारानं तिला तेवढ्या रस्त्यात बरं वाटायचं. शहरातला कुठलाही माणूस हातात पुस्तक नसतं तर पहिल्यांदा तिथंच गेला असता.

मंगळवारी लायल गाडी घेऊन आला. फुलं तिनं रद्द केली नव्हती. पुलाकडे वळायची सवय असल्यानं तो पहिल्याच चौकात उत्तरेला वळू लागला. "दुसरीकडे," ती म्हणाली.

अर्ध्या तासात पोचले. वाटेत सूप घ्यायचं म्हटलं तरी भूक लागायला वेळ नव्हता. कचेरीत एक चष्मेवाला माणूस होता, त्यानं लाकडी खण ओढला आणि बोटांनी कार्डं मागं सारत गेला. मग एक कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. हॉलक्विस्ट, मुलगा. ९ मार्च ते १० मार्च १९५६. खाली ओळ आणि क्रमांक. पाइकचं नाव कुठं नव्हतं. मार्गो नव्हती, जोनास नव्हता. वकिलाची यादी सोडली, तर सबंध गोष्टीत तिचं खरं नाव लिहिलेली जागा एवढीच.

"दगड नाही तिथं," माणूस म्हणाला. "त्या तुकड्यात कुणालाच नाही. सिमेंटचे क्रमांक आहेत, गवतात दबलेत, मी येतो दाखवायला. आणि हे बघा, पहिलं नाव रिकामं आहे. तुम्ही आई ना? मग ते भरता येतं. आता भरायचं असेल तर आता." त्यानं पेन पुढं केलं.

लायल तिच्या मागं उभा होता. तो हळूच म्हणाला, "जोनास लिही की. इतकी वर्षं तेच म्हणतेस."

"ते पाइकचं आहे," नेवा म्हणाली. "त्याला टाइप करताना सुचलेलं."

"मग?"

तिनं पेन हातात घेतलं. नाव तिनं ठरवलं होतं. पाचव्या महिन्यापासून ठरवलं होतं. पाइकला सांगितलं तेव्हा तो हसला होता, म्हणाला होता की हे नाव किराणा दुकानदाराचं वाटतं. ती पोटावर हात ठेवून त्या नावानं बोलायची, जिन्यावर, सकाळच्या उन्हात. ऊन आठवलं. पायऱ्या आठवल्या, पाइकचं हसणं आठवलं. नाव येईना. तिनं आठवायला सुरुवात केली की जोनास पुढं येऊन उभा राही. त्याला बाजूला सारलं की पुन्हा जोनास. चाळीस वर्षं तेच वाचून तेच म्हटलं होतं, आणि खालचं पुसून गेलं होतं. तिनं पेन खाली ठेवलं. माणूस म्हणाला, "घाई नाही, पाचपर्यंत उघडं आहे."

जागा अगदी रस्त्याच्या कडेला निघाली. जाळीचं कुंपण, पलीकडे एल कमिनो, आणि पंधरा-वीस पावलांवर बसचा थांबा. माणसानं बुटाच्या टाचेनं गवत बाजूला केलं, खाली बशीएवढं सिमेंट आणि त्यावर आकडा. तो गेल्यावर लायलनं सवयीनं खिशातून पेन्सिल आणि वही काढली, थांब्यापासूनची पावलं मोजायला दोन पावलं गेलाही, मग थांबला.

"काय करतोयस?" नेवानं विचारलं.

"काही नाही."

"इथं काही जुळवायचं नाही रे. हे एकच आहे."

त्यानं वही खिशात घातली. नेवा गवतावर बसली. सहासष्टाव्या वर्षी जमिनीवर बसायला वेळ लागतो. लायलनं हात दिला. फुलं तिनं आकड्याशेजारी ठेवली. बस आली, थांबली, दोन बाया उतरल्या, बस गेली. बसमधली तिची नेहमीची जागा उजवीकडची, खिडकीजवळची. त्या जागेवर आता एक माणूस मान मागं टाकून झोपला होता. तिला रडू आलं नाही. ती नावं म्हणून बघत होती, मनातल्या मनात, एकेक करून, शेजाऱ्यांची, बापाच्या भावांची, किराणा दुकानदारांची. एखादं जवळ येतंय असं वाटे आणि निघून जाई.

"दोन वाजले," लायल मग म्हणाला. "निघायचं का?"

"तू जाऊन काहीतरी खाऊन ये. भुकेनं तुझं तोंड उतरलंय."

"आणि तू?"

"ते कचेरीवाले पाचपर्यंत असतात," नेवा म्हणाली. "मी बसते. नाव आठवलं की येते."